विद्यार्थी फुकुझावा

जपान देशाच्या नैर्ऋत्येस क्यूशू नावाचे मोठे बेट आहे. त्या बेटाच्या उत्तरेकडील किनाऱ्यावर नाकात्सु हे गाव वसले आहे. दोनशे वर्षांपूर्वी ते एका संस्थानाचे मुख्य ठिकाण होते. या संस्थानचा हिशेबठिशेब पाहणारा एक गरीब सामुराई ओसाका शहरातील संस्थानच्या वखारीत नोकरीस होता. तेथील धनिक व्यापाऱ्यांची मनधरणी करून संस्थानिकासाठी कर्ज मिळवावयाचे, हे त्याचे काम. या गृहस्थाचे मन त्या कामात कधीच रमले नाही. तो खरा विद्येचा भोक्ता होता. पोटाला चिमटा घेऊन तो जुने चिनी ग्रंथ विकत घेई. इ. स. १८३५ च्या जानेवारी महिन्यात त्याच्या घरी मुलगा जन्मास आला. बरेच दिवस मनात असलेला एक बहुखंडी चिनी ग्रंथ नेमका त्याच दिवशी त्याच्या हाती आला होता. त्या आनंदात त्याने ग्रंथाच्या नावातील एक अक्षर घेऊन मुलाचे नाव युकिची असे ठेविले. हाच पुढे फुकुझावा युकिची या नावाने प्रसिद्धीस आला.

युकिची दीड वर्षाचा असतानाच त्याचे वडील वारले. आई पाच मुलांना घेऊन नाकात्सुला परतली. घरात दोन भाऊ, तीन बहिणी आणि तुटपुंजे उत्पन्न. ओसाकाची बोली व ओसाकाचे राहणे यांमुळे ही भावंडे गावातील इतर मुलांत मिसळेनात. मिसळली तरी बरोबरीने खेळणे शक्य नव्हते. त्या काळच्या जपानात माणसाची योग्यता जन्मावरून ठरत असे. सामुराईंमध्येदेखील उच्च आणि नीच असे दर्जे होते. खेळतानासुद्धा खालच्या दर्जाच्या मुलाने वरच्या दर्जाच्या मुलाला अहो-जाहो करावे आणि त्याने मात्र अरे-तुरेने उत्तर द्यावे, असा दंडक होता. खालच्या घरचा मुलगा कितीही बुद्धिमान असला तरी त्याला वरचे पद मिळण्याची आशा नसे. ही गोष्ट युकिचीच्या मनाला लहानपणापासून डाचत होती.

तो हाताने मोठा कुशल होता. घरची गरिबी असल्यामुळे लाकडी पादत्राणे दुरुस्त करणे, सरकत्या दारांना कागद चिकटविणे ही कामे तो स्वतःच करी. कोणतीही गोष्ट केवळ मोठ्यांनी सांगितली म्हणून मान्य करण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. एकदा संस्थानिकाचे नाव असलेल्या कागदावर त्याचा चुकून पाय पडला, तेव्हा थोरल्या भावाने त्याला फार रागे भरले. मग देवाचे नाव असलेल्या कागदावर पाय पडला तर काय होते, हे त्याने कोणाला न सांगता स्वतःच करून पाहिले. काहीच झाले नाही. असे प्रयोग मुलांनी करावेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु हा मुलगा कोणत्या घडणीचा होता, हे त्यावरून कळते.

त्याच्या शिक्षणास फार उशिरा, म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा झाल्यावर आरंभ झाला. शिक्षण म्हणजे प्राचीन चिनी ग्रंथांचे पठण. आपल्याकडे पाठशाळेत संस्कृताचे जे स्थान, तेच तेथे चिनी भाषेचे होते. युकिची वयाने मोठा, परंतु विद्येत मागे होता. तरीही थोड्याच काळात त्याने बरोबरीच्या मुलांना मागे टाकले. एक मोठा इतिहासग्रंथ तर त्याने अकरा वेळा वाचून काढला. याच मार्गाने तो गेला असता, तर वडिलांप्रमाणे एक उपेक्षित पंडित म्हणून त्याचे आयुष्य संपले असते.

परंतु इ. स. १८५३ साली एक विलक्षण घटना घडली. अमेरिकेचा आरमारी अधिकारी पेरी हा आपली काळी जहाजे घेऊन एदोच्या, म्हणजे पुढच्या टोकियोच्या, उपसागरात आला. त्याने जपानने आपली बंदरे उघडावीत अशी मागणी केली. त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे जपानने परकीयांना आपली दारे बंद करून ठेविली होती. युरोपियनांपैकी केवळ डच लोकांना नागासाकी बंदरातील देजिमा या चिमुकल्या बेटावर व्यापारास परवानगी होती. जुन्या मराठी कागदपत्रांत ज्यांना वलंदेज म्हटले आहे, तेच हे लोक. आपल्या वेंगुर्ल्यासही सतराव्या शतकात त्यांची वखार होती. या एवढ्याशा झरोक्यातून युरोपातील वैद्यक व इतर शास्त्रे यांचा प्रकाश जपानात येई. साहजिकच ज्याला पाश्चात्त्य विद्या हवी, त्याने डच भाषा शिकावी, असे समीकरण तेथे होऊन बसले होते. पेरीच्या आगमनानंतर तोफांच्या शास्त्राला एकाएकी महत्त्व आले. तोफांची माहिती डच ग्रंथांतच होती. थोरल्या भावाने युकिचीस विचारले की, हे मूळ ग्रंथ वाचावयास शिकशील काय? नाकात्सुमध्ये ती आडवी अक्षरे कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. युकिचीने ताबडतोब होकार दिला. कोणती भाषा, ती किती कठीण, याचा त्याने विचारही केला नाही. त्या कोंदट गावातून बाहेर पडावयास मिळते आहे, एवढेच त्याला पुरेसे होते.

इ. स. १८५४ च्या आरंभी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो नागासाकीस गेला. हजारो चिनी अक्षरे ज्याला अवगत होती, त्याला ती सव्वीस डच अक्षरे शिकावयास तीन दिवस लागले! तेथे तो तोफांच्या एका जाणकाराच्या घरी राहिला. पाणी भरणे, झाडलोट करणे, यजमानाला ग्रंथ वाचून दाखविणे, यांपैकी कोणतेही काम त्याने हलके मानिले नाही. उरलेल्या वेळात डच जाणणारे दुभाषे व वैद्य यांच्याकडे जाऊन तो दोन-दोन शब्द गोळा करी. त्याची ही प्रगती संस्थानच्या दिवाणाच्या मुलास सहन झाली नाही. तोही तेथे शिकण्यासाठीच आला होता. आई आजारी असल्याचे खोटे पत्र पाठवून युकिचीला परत बोलाविण्याचा घाट घालण्यात आला. युकिचीला हा डाव कळला. तो नागासाकीतून निघाला खरा, परंतु घरी न जाता एदोची वाट चालू लागला. वाटेत ओसाका लागले. तेथे वडिलांच्याच जागेवर आता थोरला भाऊ काम करीत होता. त्याने धाकट्या भावाला पुढे जाऊ दिले नाही. डचच शिकावयाची तर ती ओसाकातच शीक, असे सांगून त्याने त्याला तेथेच ठेवून घेतले.

ओसाकात ओगाता कोआन नावाचे एक थोर वैद्य होते. त्यांची तेकिजुकु नावाची पाठशाळा साऱ्या जपानात विख्यात होती. इ. स. १८५५ मध्ये युकिची या पाठशाळेत दाखल झाला. गुरू विद्वान तर होतेच, परंतु त्याहून अधिक प्रेमळ होते. पुढच्याच वर्षी एका आजारी सहाध्यायाची शुश्रूषा करताना युकिचीला विषमज्वर झाला. गुरुजी दररोज येऊन त्याची प्रकृती पाहत. औषधयोजना मात्र त्यांनी दुसऱ्या वैद्याकडे सोपविली. या मुलाला आपण पुत्रवत मानतो, तेव्हा औषध ठरविताना आपले मन स्थिर राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या आजारातून युकिची उठतो न उठतो तोच थोरला भाऊ मरण पावला. आता कुटुंबप्रमुख या नात्याने युकिचीला नाकात्सुला जाऊन संस्थानची चाकरी पत्करणे भाग होते. आप्तेष्टांनी तर त्याचे पुढचे सारे आयुष्य ठरवूनही टाकले. पुन्हा ओसाकास जाऊन डच शिकावे, असे त्याने नुसते सुचविताच एका वडीलधाऱ्या नातलगाने त्याला घालवूनच लावले. तरुणाने अखेर आईजवळ मन मोकळे केले. बहिणी आपापल्या घरी गेल्या होत्या. तो गेल्यावर म्हातारी आई आणि भावाची तीन वर्षांची पोरकी मुलगी अशा दोघीच घरात राहणार होत्या. आईने क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. भाऊ गेला हे दैव. तूही परक्या ठिकाणी जाऊन कदाचित मरशील, परंतु त्यासाठी मी तक्रार करणार नाही. तुला जेथे जावयाचे असेल तेथे जा, अशी तिने त्याची समजूत घातली. नंतरच्या काळात फुकुझावाचे जे काही कर्तृत्व जगाला दिसले, त्यात या माउलीचा वाटा मोठा आहे.

भावाच्या आजारपणामुळे घरावर चाळीस ऱ्यो कर्ज झाले होते. ऱ्यो हे त्या वेळचे सोन्याचे नाणे. कर्ज फेडल्यावाचून बाहेर पडणे शक्य नव्हते. तेव्हा मायलेकांनी घरातील विकण्याजोगे सर्व विकावयास काढले. तलवार गेली, भिंतीवरील चित्रे गेली आणि वडिलांनी आयुष्यभर जमविलेले सुमारे दीड हजार चिनी ग्रंथही गेले. त्यांचे पंधरा ऱ्यो आले. एका विद्येचा संग्रह देऊन दुसऱ्या विद्येची वाट मोकळी करून घ्यावी लागली, असेच म्हणावे लागेल. कर्ज फिटले. आता राहिली ती संस्थानची परवानगी. परंतु डच भाषा शिकण्यासाठी रजा देण्याची वहिवाट नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. मग काय लिहावे? तोफांचे शास्त्र शिकावयाचे आहे असे लिहावे, म्हणजे चालेल! अशा रीतीने एका वैद्याकडे तोफा शिकावयास जातो, असा अर्ज युकिचीने केला आणि तो मंजूरही झाला.

याच मुक्कामात त्याने एक साहस केले. दिवाणाच्या त्या मुलाने नागासाकीहून किल्ल्यांच्या बांधणीवरील एक नवा डच ग्रंथ तेवीस ऱ्यो देऊन आणला होता. एवढे धन युकिचीला जन्मात दिसले नसते. सहज चाळून पाहतो असे सांगून त्याने तो ग्रंथ घरी आणला आणि दिवसरात्र खपून, कोणास न कळू देता, वीस-पंचवीस दिवसांत सबंध उतरून काढला. हे कृत्य सर्वस्वी निर्दोष होते असे म्हणता येणार नाही. परंतु ग्रंथ ही वस्तू त्या काळी किती दुर्मीळ होती, ते यावरून ध्यानात येईल. ती हस्तलिखित प्रत घेऊन तो ओसाकास परतला. त्याच्याजवळ फी देण्यास पैसे नव्हते. फुकट ठेवावे तर इतर विद्यार्थ्यांचा विचार करावा लागे. गुरुजींनी तो किल्ल्यांचा ग्रंथ पाहिला आणि त्याचे भाषांतर करण्याच्या कामावर युकिचीला नेमले आहे असे जाहीर करून त्याची सोय लावून दिली.

तेकिजुकुतील दिवस हे फुकुझावाच्या आयुष्यातील सर्वांत आनंदाचे दिवस होत. पाठशाळेत सारे मिळून दहाएक डच ग्रंथ होते. छापील प्रत प्रत्येकी एकच. त्यामुळे ज्याला जो भाग वाचावयाचा असेल, त्याने तो पिसाच्या लेखणीने स्वतः उतरून घ्यावयाचा, असा प्रघात होता. नवागताला प्रथम व्याकरणाची दोन पुस्तके शिकवीत. ती संपली की शिकविणे संपले. त्यानंतर अर्थ लावण्याचे काम ज्याचे त्याने करावयाचे. दुसऱ्याला एक शब्दही विचारावयाचा नाही. विचारणे हा कमीपणा समजत. आधाराला होता तो एक डच-जपानी शब्दकोश. नागासाकीच्या वखारीचा डूफ नावाचा डच प्रमुख होता, त्याने हा कोश रचण्यास आरंभ केला होता. जपानी कागदाची सुमारे तीन हजार पाने असलेला हा हस्तलिखित कोश एका स्वतंत्र खोलीत ठेविलेला असे आणि त्या खोलीलाही त्याचेच नाव पडले होते. दर महिन्यास सहा वेळा वाचनाची परीक्षा होई. परीक्षेच्या आदल्या रात्री त्या खोलीत दहा-दहा विद्यार्थी कोशाभोवती गोळा होत आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत. त्या रात्री कोणी झोपत नसे. परीक्षेत पाठोपाठ तीन महिने जो पहिला येई, तो वरच्या वर्गात जाई. प्रत्येक विद्यार्थ्याला जमिनीवर एका चटईएवढी जागा मिळे. चांगला उजेड येणारी जागा कोणाला मिळावी, हेदेखील गुणांवरच ठरे. तेथे उच्च दर्जाचा सामुराई, नीच दर्जाचा सामुराई हा भेद नव्हता. नाकात्सुच्या मुलाला ही केवढी मोकळीक वाटली असेल!

एकदा युकिचीस बरे वाटेना, म्हणून त्याने उशी मागविली. खूप शोधूनही उशी सापडली नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आले की, गेले वर्षभर आपण उशी वापरलेलीच नाही. वाचता वाचता डोळा लागला की मेजावर डोके टेकावे किंवा तेथेच भिंतीकडेला आडवे व्हावे आणि जाग येताच पुन्हा वाचावयास लागावे, असा त्याचा क्रम होता. इ. स. १८५७ साली तो पाठशाळेचा प्रमुख विद्यार्थी झाला. इकडे मुंबईचे विद्यापीठ स्थापन झाले, तेच हे वर्ष.

त्या काळची आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे. एका मोठ्या संस्थानिकाने पदार्थविज्ञानावरील अगदी नवा डच ग्रंथ ऐंशी ऱ्यो देऊन घेतला होता. तो संस्थानिक प्रवासात ओसाकास उतरला असता ओगातांनी तो ग्रंथ पाहण्यासाठी मागून आणला. संस्थानिकाचा मुक्काम हलला की ग्रंथ परत करावयाचा होता. त्यात विजेसंबंधी एक नवे प्रकरण होते. सबंध ग्रंथ उतरणे शक्य नव्हते. परंतु तेवढे प्रकरण घेतलेच पाहिजे, असे विद्यार्थ्यांनी ठरविले. एकाने वाचावयाचे, दुसऱ्याने लिहावयाचे. लिहिणाऱ्याचा हात भरून आला की तिसऱ्याने लेखणी घ्यावयाची. जेवणासाठीही काम न थांबविता दोन रात्री आणि तीन दिवसांत दीडशेवर पाने, आकृत्यांसह, उतरून पुरी झाली. ग्रंथ परत करताना सर्व मुलांनी त्यावरून एकदा हात फिरविला आणि जणू आप्ताचा निरोप घ्यावा तसा त्याचा निरोप घेतला. या श्रमांपासून त्यांना पैसा मिळावयाचा नव्हता की पद मिळावयाचे नव्हते. ओसाका हे व्यापाऱ्यांचे शहर. डच जाणणाऱ्याला तेथे काडीचीही किंमत नव्हती.

इ. स. १८५८ मध्ये संस्थानच्या आज्ञेवरून फुकुझावा एदोस गेला. तेथील संस्थानच्या वाड्यात तो तरुण सामुराईंना डच शिकवू लागला. राजधानीत त्याच्याइतके डच जाणणारे लोक थोडे होते आणि त्याची जाणीवही त्याला होती. त्याच वर्षी जपानने अमेरिका, हॉलंड, रशिया, इंग्लंड आणि फ्रान्स या पाच राष्ट्रांशी तह केले आणि पुढील वर्षाच्या जुलैपासून योकोहामा हे बंदर परकीय व्यापाराला मोकळे झाले. एदोपासून योकोहामा सुमारे दहा कोस. इ. स. १८५९ साली एके दिवशी मध्यरात्री निघून फुकुझावा पायी तेथे गेला. आजवर ग्रंथांत भेटलेले लोक आता प्रत्यक्ष भेटणार, त्यांच्याशी बोलावयास मिळणार, या कल्पनेने तो हर्षभरित झाला होता.

योकोहामाला तेव्हा परकीय व्यापाऱ्यांची काही तात्पुरती घरे उभी राहिली होती. फुकुझावा त्या रस्त्याने चालू लागला. दुकानांवरील पाट्या त्याला वाचता येईनात. बाटल्यांवर चिकटविलेल्या कागदांचा अर्थ लागेना. तो बोले ते लोकांना समजेना आणि लोक बोलत ते त्याला समजेना. शेवटी निफ्लर नावाचा एक जर्मन व्यापारी भेटला. त्याला लिहिलेले डच कसेबसे कळत होते. त्याच्याशी कागदावर थोडेसे संभाषण करून आणि किरकोळ खरेदी करून फुकुझावा परत फिरला. पुन्हा मध्यरात्र झाली तेव्हा तो घरी पोहोचला. चोवीस तासांत वीस कोसांची पायपीट झाली होती. परंतु पायांच्या शिणापेक्षा मनाचा शीण भारी होता. ज्या भाषेसाठी घरदार सोडले, वडिलांचे ग्रंथ विकले, वर्षानुवर्षे झोप टाकली, ती भाषा उघड्या जगात निरुपयोगी ठरली होती. ते लोक इंग्रजी बोलत असावेत आणि यापुढे जगाशी व्यवहार करावयाचा तर इंग्रजीच यावयास हवी, हे त्याला स्पष्ट कळून चुकले.

अशा प्रसंगी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. आपण शिकलो तेच श्रेष्ठ, असे म्हणून तो त्याला चिकटून राहतो, किंवा हताश होऊन विद्येचाच नाद सोडतो. फुकुझावा खिन्न झाला, परंतु केवळ एक रात्र. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने नव्याने मुळाक्षरांपासून आरंभ करावयाचे ठरविले.

ठरविणे सोपे, परंतु शिकवणार कोण? एदोत मोरियामा नावाचा एक सरकारी दुभाषी होता. त्याला थोडेफार इंग्रजी येत असे. मात्र तहांच्या कामामुळे त्याला क्षणाची फुरसत नव्हती. त्याने सकाळी येण्यास सांगितले. फुकुझावा दोन-अडीच कोस चालून पहाटे तेथे जाई, तो मोरियामा बाहेर पडण्याच्या गडबडीत असे किंवा पाहुण्यांनी वेढलेला असे. पुढे संध्याकाळची वेळ ठरली. तरीही तेच. परतताना वाटेत एक ओसाड माळ लागे आणि अंधारात चोरांचे भय असे. दोन-तीन महिने हेलपाटे घालूनही पदरात जवळजवळ काहीच पडले नाही. मग त्याने शोगुनाच्या सरकारने परकीय ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या संस्थेत नाव घातले. तेथे इंग्रजीचा एक छोटा कोश होता. परंतु तो घरी नेण्यास मनाई होती. एवढ्या दूर रोज येऊन कोश पाहणे अशक्य, म्हणून फुकुझावाने पहिल्याच दिवशी त्या संस्थेस रामराम ठोकला. अखेर त्याने संस्थानकडून पाच ऱ्यो मंजूर करून घेऊन इंग्रजी-डच शब्दकोशाचे दोन खंड मिळविले आणि आता गुरूवाचून चालेल, असे ठरविले.

सोबतीला कोणी असावे म्हणून त्याने डच जाणणाऱ्या मित्रांना गाठले. त्यांपैकी ओगातांचाच एक जुना शिष्य मुराता हा फार बुद्धिमान होता. त्याने साफ नकार दिला. इंग्रजीत जे काही महत्त्वाचे असेल ते डच लोक भाषांतरित करतीलच, मग एवढी यातायात कशाला, असे त्याचे मत होते. हाच मुराता पुढे ओमुरा मासुजिरो या नावाने जपानच्या नव्या लष्कराचा शिल्पकार म्हणून प्रसिद्ध झाला. तेव्हा त्याला मंदबुद्धी म्हणण्याची सोय नाही. पुष्कळ श्रमांनी मिळविलेल्या विद्येवर पाणी सोडण्याचे धैर्य थोरामोठ्यांनाही होत नाही, हेच खरे. हाराडा नावाचा दुसरा एक मित्र मात्र मोठ्या उत्साहाने तयार झाला. दोघे मिळून कोशाच्या साह्याने वाचू लागले. उच्चारांची अडचण होतीच. नागासाकीहून आलेल्या एखाद्या मुलाला चार इंग्रजी शब्द येत असल्याचे कळले की, ते त्याच्याकडे जात. वादळात सापडून परदेशी गेलेला आणि आता परतलेला एखादा खलाशी आला आहे असे ऐकले की, त्याच्या बिऱ्हाडी जाऊन बसत. पाठशाळेचा हा माजी प्रमुख विद्यार्थी मुलांकडून आणि खलाशांकडून धडे घेत होता. त्यात त्याला संकोच वाटला नाही.

थोड्याच दिवसांत एक आश्चर्य त्याच्या प्रत्ययास आले. इंग्रजीची वाक्ये तो आधी शब्दशः डचमध्ये उतरवून पाही आणि अर्थ आपोआप उलगडे. व्याकरणाची ठेवण बरीचशी सारखी, कितीतरी शब्द एकमेकांचे सख्खे भाऊ. डचसाठी वेचलेली वर्षे पाण्यात गेली, ही त्या रात्रीची समजूत चुकीची होती.

पुढच्याच वर्षी, इ. स. १८६० मध्ये, जपानचे कानरिन मारू हे छोटे जहाज अमेरिकेस जावयास निघाले. हे जहाज हॉलंडमध्ये बांधलेले होते. फुकुझावाने जहाजावरील प्रमुख अधिकाऱ्याची भेट घेऊन त्याचा सेवक म्हणून आपली वर्णी लावून घेतली. सदतीस दिवस वादळांशी झुंजत जहाज सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचले. तेथील यंत्रे व कारखाने पाहून त्याला फारसे नवल वाटले नाही, कारण त्यांची तत्त्वे त्याने ओसाकात वाचलेली होती. नवल वाटले ते सामाजिक गोष्टींचे. जॉर्ज वॉशिंग्टनचे वंशज सध्या काय करतात, असे त्याने विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्याला ते नीट ठाऊकही नव्हते आणि त्याचे त्याला काही वाटतही नव्हते. जन्मावरून माणसाची किंमत ठरविणाऱ्या देशातून आलेल्या तरुणाला हे उत्तर विसरता आले नाही. येताना त्याने वेब्स्टरचा इंग्रजी शब्दकोश विकत आणला. परतल्यावर त्याने एक इंग्रजी शब्दसंग्रह जपानी उच्चार देऊन प्रसिद्ध केला. जपानी लिपीत इंग्रजीतील एका ओष्ठ्य वर्णास अक्षर नव्हते, म्हणून ‘उ’ या अक्षराला दोन टिंबे देऊन त्याने नवे चिन्ह योजिले. ते आजही जपानी लिपीत वापरतात.

इ. स. १८६२ साली तो सरकारी शिष्टमंडळाबरोबर युरोपात गेला. इस्पितळ चालते कसे, टपालाचा खर्च कोण देतो, निवडणूक म्हणजे काय, संसदेत एकमेकांशी भांडणारे लोक बाहेर एका मेजावर जेवतात कसे, अशा प्रश्नांनी त्याने तेथील लोकांना भंडावून सोडले. हॉलंडमध्ये तर जुनी भाषा कामास आली आणि आपल्याच मुलखात आल्यासारखे त्याला वाटले. या प्रवासांतून व वाचनातून ‘सेइयो जिजो’ म्हणजे पाश्चात्त्य देशांची स्थिती हा त्याचा ग्रंथ जन्मास आला. त्याचा पहिला भाग इ. स. १८६६ मध्ये निघाला आणि त्याच्याच अंदाजाप्रमाणे त्याच्या दीड लाखांहून अधिक प्रती खपल्या. नव्या कल्पनांना जपानी शब्दच नव्हते. ते घडवावे लागत. अर्थशास्त्रातील व्यापारी स्पर्धेसाठी त्याने एक जोडशब्द बनविला, त्यात भांडण या अर्थाचे अक्षर होते. एका वरिष्ठ अधिकाऱ्याला ते अक्षर असभ्य वाटले. तेव्हा वरिष्ठांना दाखवावयाच्या कागदावर त्याने तो शब्द शाई फासून खोडून टाकला. परंतु शब्द मात्र भाषेत राहिला.

ही सर्व कामे निर्धोक वातावरणात चालली नव्हती. परकीयांना हाकून लावा, या घोषणेने तेव्हा देश पेटला होता. परक्या भाषा जाणणारा तो देशद्रोही, असे मानणारे तरुण तलवारी घेऊन हिंडत. फुकुझावा बारा-तेरा वर्षे रात्री घराबाहेर पडला नाही. घरात त्याने जमिनीखालून निसटण्यासाठी एक चोरवाट करून घेतली होती. इ. स. १८७० मध्ये त्याचा एक नातलगच त्याला मारावयास आला होता. त्या रात्री पाहुणा उशिरापर्यंत गप्पा मारीत बसला, म्हणून तो वाचला. डचला चिकटून राहिलेल्या ओमुराला आदल्याच वर्षी मारेकऱ्यांनी गाठले होते. तलवार चालविणाऱ्यांना डच काय आणि इंग्रजी काय, दोन्ही सारखीच.

एदोतील लहानशी डच शाळा आता इंग्रजी शाळा झाली होती. इ. स. १८६७ मध्ये दुसऱ्यांदा अमेरिकेस गेला असता फुकुझावाने हाती असलेल्या पैशांची पुस्तकेच पुस्तके खरेदी केली. कोश, व्याकरणे, भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र या विषयांच्या पुष्कळ प्रती त्याने आणल्या. त्यामुळे जपानात प्रथमच एका वर्गातील प्रत्येक मुलापुढे स्वतःचे छापील पुस्तक आले. ज्याने पिसाच्या लेखणीने ग्रंथ उतरून काढले होते, त्यालाच याचे मोल कळत होते. दुसऱ्या वर्षी शाळेला केइओ हे चालू कालखंडाचे नाव देण्यात आले. तेव्हा शोगुनाची सत्ता कोसळत होती. ४ जुलै १८६८ रोजी एदोतील उएनो भागात लढाई जुंपली. तोफांचे आवाज कानी येत होते, आकाशात धूर दिसत होता. फुकुझावा त्या दिवशीही ठरल्या वेळी वर्गात आला आणि वेलंड या अमेरिकन लेखकाच्या अर्थशास्त्रावरील पुस्तकाचा पाठ त्याने नेहमीप्रमाणे घेतला. विद्यार्थी अधूनमधून छपरावर चढून धूर पाहून येत, एवढेच.

नव्या राजवटीने देऊ केलेले अधिकारपद त्याने स्वीकारले नाही. ‘गाकुमोन नो सुसुमे’ म्हणजे विद्येचा पुरस्कार ही त्याची पुस्तकमाला इ. स. १८७२ ते १८७६ या काळात सतरा भागांत निघाली आणि घरोघर वाचली गेली. इ. स. १८८२ मध्ये त्याने वृत्तपत्र काढले. उत्तरायुष्यातील त्याची काही मते मात्र पटण्यासारखी नाहीत. जपानने शेजारच्या आशियाई राष्ट्रांची संगत सोडून पाश्चात्त्यांच्या पंक्तीस बसावे, असे प्रतिपादन त्याच्या वृत्तपत्राने १८८५ साली केले आणि १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धाला त्याने उघड पाठिंबा दिला. ज्या चिनी विद्येवर त्याच्या वडिलांनी जीव लावला, तिच्या मातृभूमीबद्दल त्याने अधिक आत्मीयता दाखवावयास हवी होती. त्या लेखनाबद्दल आजही वाद होतात. इ. स. १८९० मध्ये केइओत विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. इ. स. १८९९ मध्ये त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात ओसाकाच्या दिवसांची वर्णने सर्वांत रसाळ उतरली आहेत. ३ फेब्रुवारी १९०१ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९८४ पासून २०२४ पर्यंत दहा हजार येनच्या नोटेवर त्याचेच चित्र असे.

ओसाका शहरातील ओगाता कोआन यांचे ते दुमजली लाकडी घर उंच इमारतींच्या गर्दीत अजून उभे आहे. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांचे दालन आहे. मधल्या खांबावर त्या दांडगट पोरांनी तलवारीने पाडलेल्या खुणा दिसतात. शेजारीच शब्दकोशाची ती लहानशी खोली आहे.